वर उचललेला कोपरा

आप्पासाहेबांच्या भिंतीला तडा गेला आणि चिकलठाण्यात माझं नाव गेलं. घर मी बांधलेलं. चारचौघांत ते म्हणाले, "नवाबभाईनं सिमेंट खाल्लं." खायची सवय असती, तर एव्हाना माझाच खांब झाला असता! दुसऱ्या एका ठेकेदारानं त्यांना सांगितलं, कोपरा खचलाय, पाडा आणि खाली काँक्रीट भरा. सोमवारी पाडायचं ठरलं. तो कोपरा पडला की मला या भागात कुणी वीटही उचलू देणार नव्हतं.

माझी मुलगी युसरा इंजिनिअर आहे. इमारत आणि तिच्याखालची माती एकमेकींशी कशा वागतात, याचं गणित ती करते. मी म्हटलं, "बेटा, तुझ्या बापाची बाजू मांड."

"मी भिंतीची बाजू मांडणार, अब्बा. तुमची चूक निघाली तर तेही सांगणार."

असा राग आला! पण जीभ माझीच घेतलीय तिनं, बोलणार काय?

हिशेब करताना पुष्कळ जण जमीन हलतच नाही असं धरतात. युसरानं संगणकात त्या घराच्या प्रत्येक खांबाखाली एकेक स्प्रिंग ठेवली, माती कडक तिथं कडक, नरम तिथं नरम. मग तडा गेलेला ईशान्येचा कोपरा खाली दाबला. पडद्यावरच्या भिंतीला तडा गेला, पण तो वरच्या बाजूला रुंद. मी काढून आणलेल्या फोटोत आप्पासाहेबांच्या भिंतीचा तडा खाली रुंद होता. तिनं तोच कोपरा थोडा वर उचलला. आता तडा फोटोतल्यासारखा आला.

"घर खचलं नाय, अब्बा. काळी माती पाणी पिऊन फुगलीय. तिनं कोपरा वर ढकललाय."

उभ्या आयुष्यात मी घरं बसतानाच पाहिली होती, उठताना नाही. खुर्चीत बसल्या बसल्या पोरीनं मातीच्या पोटातलं ओळखलं.

रविवारी आम्ही पाण्याची लेव्हल घेऊन गेलो. आप्पासाहेब दारातच म्हणाले, "लेक बापाचंच बोलणार." युसरानं वाद घातला नाही. पाणी भरलेल्या नळीचं एक टोक त्यांच्याच हातात दिलं आणि दुसरं घेऊन ती कोपऱ्यात गेली. तिथं जोतं बोटभर वर निघालं. शेजारीच हौद होता. वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला पाणी असावं म्हणून तो बांधलेला, आणि त्याचं सांडपाणी आप्पासाहेबांच्या पत्नी मनकर्णावहिनी यांच्या केळीला सोडलेलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"आता हौद बुजवायचा का गं?" वहिनी घाबरल्या.

"नाय काकू. सांडपाणी लांब न्या, घराभोवती सिमेंटचा कोबा करा. माती हळूहळू सुकंल. पण भिंत पाडू नका." मग माझ्याकडे वळून ती सरळ म्हणाली, "पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत न्यायला पायजे होता. ते अब्बांचं चुकलं."

माझी मान खाली गेली. आप्पासाहेबांनी मात्र हातातली नळी खाली ठेवली. जी बापाला सोडत नाही, ती खोटं कशाला बोलेल? त्यांनी तिथूनच त्या ठेकेदाराला फोन लावला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं.

काही महिन्यांत तडा बराच मिटला. मग आप्पासाहेब स्वतः माझ्या घरी आले. गंगापूरला इंद्रजीतचं, त्यांच्या मुलाचं, घर बांधायचं होतं.

"काम तुमचंच, नवाबभाई. पण पाया किती खोल न्यायचा, ते युसरा सांगंल. तुम्ही नाय."

हा माझा धडधडीत अपमान होता. तो मी गावभर सांगत सुटलो.