सरांचा चेहरा

मनिषाने शार्पनिंगचा काटा उजवीकडे ओढत नेला आणि पार शंभरावर सोडला. पडद्यावरच्या आदिनाथ सरांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती कोरल्यासारखी वर आली. कलप उतरलेल्या केसांची पांढरी मुळं, नाकावरची छिद्रं, ओठाच्या कोपऱ्यातला तंबाखूचा डाग. तरी तिचं समाधान होईना. तिने कडांची जाडी ठरवणारा रेडियस वाढवला, तशी कानांच्या आणि खांद्यांच्या कडेने पांढरी रेघ उमटली. कुणीतरी कात्रीने कापून चिकटवल्यासारखे सर दिसू लागले.

"आता कसं," ती स्वतःशीच म्हणाली.

सर जाऊन सोमवारी वर्ष होणार होतं. त्या दिवशी तालुक्यातल्या फोटोग्राफरांच्या संघटनेच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो लागणार होता. बोरीपासून सेलूपर्यंतचे सगळे कॅमेरेवाले जमणार. फोटोसाठी सरांच्या पत्नीचा, शीलाकाकूंचा, फोन आला होता. "दुनियेचे फोटो काढले बघ त्यांनी, सोताचा एक धड न्हाई. तुज्याकडं असंल तर बघ बाई."

तिच्याकडे होता. सरांच्या स्टुडिओत ती कामाला होती तेव्हा नवी लेन्स आली होती. ती तपासायला तिने सरांनाच दारातल्या उजेडात बसवलं होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड तिचं स्वतःचं होतं, म्हणून रॉ फाईल तिच्याकडे राहिली. कॅमेऱ्याला दिसलेलं सगळं त्या फाईलमध्ये जसंच्या तसं होतं. मऊ उजेड, शांत डोळे. नीट हाताने तिच्यातून फोटो काढला असता तर तो माणूस देवमाणूस वाटला असता.

पण मनिषाला गारपीट आठवत होती. बोरीच्या माळावर मनकर्णाबाई नावाची मेंढपाळ बाई दोन कोकरं पदरात घेऊन गारांतून पळत होती, आणि मनिषा ओढणीखाली कॅमेरा धरून तिच्यासमोर उलटी पळत होती. गार लागून मनिषाच्या कपाळाला तीन टाके पडले. तो फोटो परभणीच्या प्रदर्शनात पहिला आला. खाली नाव होतं आदिनाथ सरांचं. तिने विचारलं तेव्हा ते गल्ल्यावरून उठलेसुद्धा नाहीत.

"कॅमेरा कोणाचा? दुकान कोणाचं? नुसतं बटन दाबलं म्हणून फोटो तुजा होतो का?"

मूळ फाईल त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये राहिली. तिच्या वाट्याला आली ती मोबाईलवर पाठवलेली चिमुकली प्रत. मोठी करायला गेलं की मनकर्णाबाईच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे.

मनिषाने एक्सपोर्टची खिडकी उघडली. फॉरमॅट, जेपीजी. क्वालिटी तिने बारावरून तीनवर आणली. तीन फुटांच्या छपाईत सरांच्याही गालाचे तसेच चौकोन होणार होते. कुणी विचारलंच तर सांगता येईल, जुनी फाईल होती, एवढीच निघाली. विचारणारे सगळे धंद्यातले. त्यांना कळेल. कळू दे.

काकूंना दाखवायला तिने एक लहान प्रिंट काढून ठेवली.

बारा वाजता काकू मनिषाच्या स्टुडिओत आल्या. उन्हातून आत येताना त्यांनी आधी दाराची चौकट चाचपली, मग काउंटरची कड धरली. मनिषा उठून उभी राहिली.

"काकू, डोळ्यांना काय झालं?"

"साखरेनं खाल्ले. एक तर गेलाच, दुसऱ्यानं धुराळ्यातून बघितल्यासारखं दिसतं. माणूस आवाजावरून वळखायचं आता." त्या स्टुलावर टेकल्या. "काढलास का फोटो?"

मनिषाने प्रिंट पुढे केली. या क्षणासाठी ती सकाळपासून थांबली होती. नवऱ्याचं ते भेसूर तोंड बघून काकूंच्या कपाळाला पडणारी आठी तिला बघायची होती.

काकूंनी प्रिंट नाकाजवळ धरली. मग दाराच्या उजेडाकडे वळवली. आठी पडली नाही. त्यांचं बोट कागदावर हळूहळू फिरू लागलं. कानाच्या कडेने, पांढऱ्या रेघेवरून खाली, मिशीपर्यंत.

"अगं, हे दिसायलेत की," त्या म्हणाल्या.

मनिषा काउंटरवर वाकून प्रिंटकडे बघू लागली.

"घरात लग्नाचा फोटो हाय, पोरानं मोबाईलमधले काढून दिले. समदा नुसता धूर. वर्ष झालं, मी त्यांचं तोंड बघितलं न्हाई. ह्यात कान दिसायला. ही रेघ दिसायली, कपाळावरची." त्यांनी पदराने कागद पुसला, मग डोळे. "असाच मोठा कर."

"काकू, लोक नावं ठेवतील. लय राकट दिसतंय ते."

"ठेवू दे. लोकांनी दुकानात बघितलंय त्यांना, मी घरात बघितलंय. राकटच व्हते." काकूंनी प्रिंट छातीशी धरली. "किती येळ लागंल? मी बसते इथंच."

मनिषा खुर्चीवर येऊन बसली. मग तिने सकाळची जेपीजी काढून टाकली आणि रॉ फाईल पुन्हा उघडली. शार्पनिंगचा काटा शंभरावरच होता. त्याला तिने हात लावला नाही. फॉरमॅटच्या जागी मात्र टिफ निवडलं. त्यात काही गाळलं जात नाही, तीन फुटांवर छापलं तरी चेहऱ्याचे चौकोन होत नाहीत. फाईल जड होती, निळी पट्टी सावकाश पुढे सरकू लागली.

"हसायलेत का गं ह्यात?" काकूंनी विचारलं. "तोंडाजवळचं तेवढं नीट कळंना."

मनिषाने पडद्याकडे बघितलं. डोळ्यांच्या कडेच्या ज्या सुरकुत्या ती सकाळभर खोल करत बसली होती, त्या हसण्याच्या होत्या.

"हो. थोडेसे."

"कोणाकडं बघून?"

निळी पट्टी अर्ध्यावर आली होती.

"समोर मीच होते, काकू," मनिषा म्हणाली.