नाव घेणारा माईक

मित्रांनो, माझ्या जाळीला पोचा पडलाय म्हणून मला भंगारात काढू नका. पिरंगुटच्या इलाहीभाईंच्या स्पीकरच्या दुकानातला मी जुना माईक आहे, आणि अंगात अजून रग आहे!

पुण्याच्या बाजारातून मी १९७४ साली इथे आलो. लग्नं, उरूस, निवडणुका, सगळीकडे मिरवलो. पुढाऱ्यांनी मला तोंडाशी धरून तास तास भाषणं ठोकली. बायका मात्र माझ्यापाशी एकाच कामाला येत, उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला. नाव घेतलं, हशा पिकला, की पुढची बाई. मलाही त्यात काही वावगं वाटत नसे. माईकला अक्कल उशिरा येते, काय करणार!

पुढे इलाहीभाईंची कंबर धरली आणि त्यांची मुलगी मैमुना दुकान बघू लागली. पोरीच्या जातीने वायरी सोलायच्या म्हणून लोकांनी नाकं मुरडली. तिने ढुंकून पाहिलं नाही. १९८२ साली डोंगरातल्या वाडीवर एका आरोग्य संस्थेतर्फे मुलांची वजनं करायला आलेली एक इंग्रज मुलगी टेप दुरुस्तीला घेऊन आली. बारीक कापलेले केस, जाकिटाला ओळीने सेफ्टी पिना. तिच्या कॅसेटमध्ये बायका चक्क ओरडत होत्या. मोडक्या मराठीत ती म्हणाली, याला पंक म्हणतात. आमच्याकडची कामगारांची पोरं हे वाजवतात. नटून उभी राहा, गोड गा, असं सांगणाऱ्यांना मुली हे उत्तर देतात. मैमुनाची मैत्रीण कमळ तिथेच बसली होती.

"सूर न्हाई, काय न्हाई," ती म्हणाली. "पन कुनाला इचारून बी गात न्हाईत."

दोघींनी ती कॅसेट ऐकून ऐकून झिजवली.

कमळ उरवड्याला एका कारखान्यात कामाला होती. सुटताना फाटकावर बायकांची झडती पुरुष रखवालदार घ्यायचा आणि नको तिथे हात लावायचा. कमळने तक्रार केली, तर साहेबांनी कामावरून काढायची धमकी दिली. बाकीच्या बायका लाजेने गप्प. प्रत्येकीला वाटे, हे आपल्या एकटीवरच आलंय.

संक्रांतीला गावच्या मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव यांनी दुपारी हळदीकुंकू ठेवलं. कारखान्याचे तेच साहेब सहकुटुंब पाहुणे. उखाण्याचा आग्रह झाला आणि जयसिंगरावांनी स्वतः मला कमळच्या हातात दिलं.

"कारखान्याच्या फाटकाला लोखंडाची कडी,
झडतीच्या नावाखाली अंगाला हात लावतो गडी.
नवऱ्याचं नाव मागनं घेते. आदी माझं ऐका. मी कमळ."

जयसिंगरावांनी मैमुनाला आवाज बंद करायची खूण केली. मंडळाची कामं गेली तर दुकान बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बटणाला हात घातला आणि आवाज पुरा वाढवला.

मागून पन्नाशीच्या सारजाबाई उठल्या. त्यांनी मला घट्ट धरलं.

"आन् मी सारजा. मलाबी लावलाय."

मग तिसरी, चौथी. अकरा जणींनी आपापलं नाव घेतलं. सोमवारी अकराही जणी फाटकावर अडून बसल्या. महिन्याभरात झडतीला बाई आली. मंडळाने मात्र आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. मैमुनाने शेजारच्या गावांतली कामं धरली.

मित्रांनो, मला पुसा, जपा, पण कपाटात कोंडू नका. आणि एखाद्या मुलीच्या हातात देताना 'गोड बोल हं' असं तिला सांगू नका. कितीही मोठा आवाज मला पेलतो.