बंद देव्हाऱ्यातला ढोल

सुमिएच्या बैठकीत चटयांवर पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर ढोलाच्या व्हिडिओ गेममधल्या लाल-निळ्या टिकल्या सरकत होत्या. टिकली रेघेवर पोचली की ढोल वाजायचा, धुम, टक्, धुम धुम, आणि कोपऱ्यातला आकडा वाढायचा. टीव्हीपुढे मात्र कुणीच उभं नव्हतं. हा ढोल दोन छोट्या कांड्या हातात धरून हवेत मारल्या की वाजतो. त्या दोन्ही कांड्या पितरांच्या देव्हाऱ्यात, रेंजीच्या फोटोपुढे ठेवल्या होत्या. देव्हाऱ्याची दारं बंद होती.

रेंजी सुमिएचा एकुलता मुलगा. एकोणिसाव्या वर्षी, वसंतात, बोटीवरून पडून गेला. त्याचं या खेळाचं वेड सगळ्या बंदराला ठाऊक होतं.

"पोरगं आलंय," शेजारचा म्हातारा हिसाकिची म्हणाला आणि त्यानं हात जोडले. त्याचं पाहून सगळ्यांनी जोडले.

नोबुएनं जोडले नाहीत. ती सुमिएची नणंद. तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून राबलेली. ओबोनच्या सणाला, घरी आलेल्या पितरांना भेटायला, ती सकाळच्या बसनं आली होती. तिचं लक्ष ढोलाकडे नव्हतं, भावजयीकडे होतं. सुमिएचे ओठ कोरडे पडले होते. ती जवाच्या चहाचे पेल्यावर पेले रिचवत होती. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता. हा वास नोबुएला चांगला ओळखीचा होता, रक्तातली साखर बेसुमार वाढल्याचा.

तिनं कानाशी वाकून विचारलं, तेव्हा सुमिएनं सांगितलं की इन्सुलिन बंद करून तीन दिवस झाले. मेलेल्यांशी बोलणाऱ्या होगेत्सुमातेची तशी आज्ञा होती. सुई टोचली की आई आणि मुलातला धागा तुटतो, औषधाच्या वासानं आत्मा गुदमरतो. ओबोन संपेपर्यंत सुई घ्यायची नाही, पुढचं पुढे पाहू.

"सुमिए, पुढचं पाहायला तू उरायला हवीस ना."

"उरून काय करू, वन्सं? तो इथंच आहे. ऐका की."

होगेत्सुमाता पांढऱ्या किमोनोत देव्हाऱ्याशेजारी बसली होती. चेहरा असा, की जणू परलोकाची चौकशी-खिडकी तीच सांभाळते. एका बाईनं भीत भीत विचारलं, की कांड्यांची बॅटरी संपली तर कसं व्हायचं? मातेनं डोळे मिटूनच उत्तर दिलं, "आत्म्याला चार्जिंग लागत नाही, बाळ." लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्या खोलीत, सरकत्या कागदी दाराआड, तिचा शिष्य मंत्र म्हणत होता.

नोबुए समोर मांडलेला काकडीचा घोडा आणि वांग्याचा बैल बघत राहिली. पितर घोड्यावरून लगबगीनं येतात आणि बैलावरून सावकाश परत जातात. तोवर त्यांना आत-बाहेर करता यावं म्हणून देव्हाऱ्याची दारं उघडी ठेवतात. लहानपणी तिनं एकदा ती चुकून लावली होती, तेव्हा आजीनं पाठीत धपाटा घातला होता. या बाईला पितरांशी बोलता येतं, आणि एवढी साधी रीत ठाऊक नाही? की दारं लावल्यावाचून तिचं काम होत नाही?

तिनं शांतपणे तेवढंच विचारलं. माता म्हणाली, आत्मा लाजाळू असतो.

"रेंजी? लाजाळू?" नोबुए म्हणाली. "तो तर अंघोळ करून अख्ख्या गल्लीतून उघडा फिरायचा." दोघं-तिघं हसले.

ती उठली. मातेनं पदर धरावा तशी तिची बाही धरली. दार उघडलंस तर आईचा जीव जाईल, असा दम दिला.

"तो तर तुम्ही तीन दिवसांपासून घेताय," नोबुए म्हणाली आणि तिनं दोन्ही दारं उघडली.

कांड्या निपचित पडल्या होत्या. उदबत्तीची राखही हललेली नव्हती. रेंजीबरोबर नोबुए हा खेळ कितीदा खेळली होती. कांडी चालू असली की तिच्या कडेला हिरवे दिवे लागतात. इथं एकही दिवा नव्हता. आणि टीव्हीवर ढोल चालूच होता, धुम, टक्, धुम धुम.

मग तिनं कागदी दार सरकवलं. शिष्य दाराच्या बोटभर फटीतून टीव्ही बघत, दोन्ही हातांनी हवा झोडपत होता. त्याच्या मुठीत दुसऱ्या कांड्या होत्या, हिरव्या दिव्यांच्या. मंत्र बाजूला पडलेला मोबाइल म्हणत होता. शिष्याचे हात थांबले. ढोलही थांबला.

माता काहीतरी मायेबद्दल बोलू लागली, पण हिसाकिचीनं तिच्या चपला उचलून अंगणात भिरकावल्या.

सुमिए उठली नाही. "तुम्ही त्याला परत मारलंत, वन्सं," ती म्हणाली.

"मारलं समुद्रानं. ही तुला मारत होती." नोबुएनं फोन उचलला. "रुग्णवाहिका बोलावतेय. शिव्या घालायच्या तर वाटेत घाल, मी शेजारीच बसणार आहे."

वाटेत सुमिएनं खरंच शिव्या घातल्या. मग बराच वेळ रडली. आणि दवाखान्याच्या दारात, सुईसाठी, तिनं स्वतःच बाही वर केली.

ज्याचं माणूस गेलंय त्याला फसवायला अक्कल लागत नाही, निर्लज्जपणा पुरतो. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी ते मोकळे ठेवा, दार उघडायला. आणि जो कुणी औषध सोडायला सांगेल, तो कोणत्याही कपड्यात असो, त्याला घरात घेऊ नका.