दहा माणसांची वही

कॉलेजचं पत्र आलं आणि वडिलांचा पारा चढला. 'सर्वसाधारण शिक्षणातील एक विषय अपूर्ण असल्याने पदवी देता येत नाही,' एवढंच त्यात लिहिलं होतं.

"औषधं देणाऱ्या मुलीला हे असले विषय हवेतच कशाला?" वडील कडाडले. आयुष्यभर लेथवर उभं राहिलेला माणूस तो. "मी कारखान्यात लागलो तेव्हा मला कुणी निबंध लिहायला लावला होता का?"

थोरली मान खाली घालून बसली होती. घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. औषधशास्त्राच्या एकूण एक विषयात पहिला वर्ग, आणि गाडी अडली ती 'लोकसंवाद' नावाच्या विषयापाशी! चार महिने ती इस्पितळाच्या औषधखिडकीवर मुख्य औषधनिर्मात्याच्या हाताखाली काम करत होती. महिन्याभरात पदवी दाखवली तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

या विषयाचं काम ऐकायला सोपं होतं. आपल्या विद्येतली एक गोष्ट दहा परक्या माणसांना समजावून सांगायची आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचं. पण दहा घरांचे उंबरे झिजवतो कोण? सगळा वर्ग कँटीनमध्ये बसून मनानेच माणसं तयार करायचा. थोरलीनेही एका दुपारी शिंपी, पहारेकरी, दोन गृहिणी अशी दहा माणसं जन्माला घातली. तिला हसू नका. असे 'बिनकामाचे' विषय तुम्हीआम्हीही गाइड वाचून ढकललेलेच आहेत.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी बापलेक त्या विषयाच्या बाईंसमोर जाऊन बसले. बाईंनी वही उघडून पुढे सरकवली.

"दहाच्या दहा जणांनी 'समजलं' म्हटलंय," बाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं शिकवतेय मी. वर्गात दहांपैकी चौघांना समजलं तरी मी खुशीत घरी जाते. ही माणसं कुठे भेटली तुला?"

थोरलीचे कान लाल झाले. वडील मध्ये पडले, "बाई, तिला गोळ्यांची नीट ओळख आहे ना? मग झालं तर!"

"गोळ्या कपाटात असतात तोवर झालं. त्या माणसाच्या हातात जातात तेव्हा माणसाचीही ओळख लागते. काय गं, औषध दिल्यावर खिडकीवर काय विचारतेस?"

"'समजलं ना?' असं विचारते."

"आणि लोक काय म्हणतात?"

"हो म्हणतात."

"म्हणणारच! मागे रांग खोळंबलेली, समोर शिकलेली मुलगी. 'नाही कळलं' म्हणायची लाज वाटते माणसाला. 'समजलं ना' विचारूच नये. 'घरी गेल्यावर कसं घ्याल, ते मला सांगा' म्हणावं आणि गप्प बसून ऐकावं. माझा सगळा विषय एवढाच आहे."

बाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली. घरी येईपर्यंत थोरली धुसफुसत होती. खडूस बाई, दुसरं काय! लांब कुठे जायला नको म्हणून त्याच संध्याकाळी तिने शेजारचं दार वाजवलं.

शेजारी पेंटरकाका आणि काकू राहत. काकांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता बोटांचे सांधे सुजून आखडले होते. त्यावर डॉक्टरांनी एक जहाल गोळी लिहून दिली होती. अकरा दिवसांपूर्वी काकूच ती घ्यायला खिडकीवर आल्या होत्या. थोरलीने दहा गोळ्यांची अख्खी पट्टी दिली, आठवड्यातून एकदाच द्यायची असं सांगितलं आणि विचारलं, "समजलं ना काकू?" काकू हो म्हणाल्या होत्या.

"काकू, कॉलेजचं काम आहे," वही उघडत ती म्हणाली. "काकांची ती सांध्यांची गोळी कशी देता, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"कशी म्हणजे? सकाळी त्यांची ब्लडप्रेशरची गोळी असते ना, तिच्याबरोबरच. रोज एक. अगदी नेमानं देते हो! पट्टी कालच संपली, उद्या येणारच होते तुझ्याकडे."

थोरलीच्या हातातलं पेन थांबलं.

"काका कुठेत?"

"आत पडलेत. तोंड आलंय, तीन दिवस घास गिळवत नाही. उन्हाचं असेल म्हटलं."

अरे देवा! दहा आठवड्यांचं औषध दहा दिवसांत पोटात गेलं होतं. थोरलीने आरडाओरडा करून वडिलांना बोलावलं. तासाभरात काका इस्पितळात होते. पण रक्त तयार होणंच बंद पडत चाललं होतं. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. आठव्या दिवशी काका गेले.

माणसं भेटायला येत होती आणि काकू प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "मीच मारलं त्यांना. माझ्या या हातांनी रोज गोळी दिली. मीच अडाणी, मीच वेंधळी."

थोरलीला ते ऐकवेना. वडिलांनी तिला दाराबाहेर ओढलं. "एक अक्षर बोलू नकोस. तुझं कुणी नावही घेतलेलं नाही. नोकरी जाईल."

"बाबा, त्या मरेपर्यंत स्वतःला खुनी समजतील."

वडिलांनी तिचा हात सोडला.

थोरली काकूंसमोर जमिनीवर बसली. "काकू, तुमची काही चूक नाही. मी घाईत सांगितलं. तुम्हाला कळलंय की नाही, ते पाहिलंच नाही. चूक माझी आहे."

काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वहीसाठी आलीस तेव्हा विचारलंस," त्या म्हणाल्या, "तसं त्या दिवशी खिडकीवर का नाही गं विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी थोरली इस्पितळात गेली आणि सगळं लिहून दिलं. या वेळी वडील स्वतःहून तिच्याबरोबर गेले. नोकरी गेली. उरलेल्या नऊ घरी ती खरोखर जाऊन बसली. त्यांतल्या सहा जणांना पहिल्या खेपेला काहीच कळलं नव्हतं. तसंच तिने वहीत लिहिलं आणि पदवी मिळाली. पेढे कुणी वाटले नाहीत.

मित्रहो, भाषा, समाज, इतिहास हे विषय आपल्याला पदवीच्या वाटेतले धोंडे वाटतात आणि मुलांना आपणच ते चुकवायला शिकवतो. पण नुसत्या विद्येने भागत नाही, ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवताही यावी लागते. कॉलेजात ते शिकलं नाही, तर पुढे कुणाच्या तरी घरात शिकावं लागतं. आणि भोगावं लागतं त्या घराला!