वेगाचा आलेख

भंडाऱ्याच्या कॉलेजात कुंदन सरांनी एका मोठ्या संगणकाचा आराखडा केला होता. असा संगणक बांधण्याआधी तो दुसऱ्या संगणकांवर खोटाखोटा चालवून पाहायचा असतो. ते सिम्युलेशन वरठीच्या तृप्तीनं केलं. पीएचडी तिची, सही सरांची.

संगणकाला मंजुरी देणारी समिती दुपारी येणार होती. सकाळीच तृप्ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हा आलेख चुकला. प्रोसेसर वाढवत जा अन् वेग वाढत जाते, असं यात दिसते. तसं होऊन नाही राहिलं."

"काहून?"

"दोरी धरून धानाची रोवणी करतात ना, सर? साऱ्या बायांची ओळ झाली की दोरी सरकते. एक बाई मागं राहिली की बाकीच्या उभ्या. आपले प्रोसेसर तसेच उभे आहेत."

"मग माझा आकडा आभाळातून पडला का?"

"तुम्ही तुलनेसाठी साऱ्यांत काम वाटणाराच प्रोग्राम एकट्या प्रोसेसरवर चालवला. त्याच्यात निरोप पाठवायचं, थांबायचं ओझं आहे. एकट्याले ते कायले पाहिजे? एका बाईच्या डोक्यावर साऱ्या टोळीचे डबे देल्ले, तिले रोवाले लावलं, अन् मग म्हटलं, टोळी पाहा किती चपळ. मी साधा प्रोग्राम लावून पाहिला. फायदा मधातच थांबते. लहान मशीन पुरते, सर."

सर हसले. "घरी रोवणीच पाहिली, तर तेच दिसन तुले. सवलतीत इथवर आली, आता मलेच शिकवून राहिली?"

सवलतीत प्रवेश मिळतो. प्रोसेसर सवलतीत धावत नाही. पण हे सरांना सांगणार कोण?

"आलेख माझाच दाखवायचा," सर म्हणाले. "सही पाहिजे ना तुले?"

दुपारी तिनं स्वतःचा दाखवला.

समितीतल्या म्हाताऱ्या साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, खोचक प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली. "पोरगी बरोबर बोलते," साहेब म्हणाले. सरांचं तोंड उतरलं.

"पण बाई, लहान मशीनचं उद्घाटन करायला कोण येईल?" साहेबांनीच पुढं विचारलं.

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्यानं. मोठी मशीन मंजूर झाली. खोटं पकडलं गेलं, तरी जिंकलं. आता तर त्याला लपायचीही गरज उरली नाही.

समितीच्या गाड्या गेल्यावर तृप्तीनं प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला.

"यात चूक असन तर दाखवा, सर. नसन तर सही करा."

"चूक नाही. म्हणूनच नाही करत. माझ्याच मशीनच्या विरोधात मी सही करू?"

"मग तसं लिहून द्या."

"काय लिहू?"

"प्रबंध बरोबर आहे, म्हणून सही करत नाही."

सरांनी घंटी दाबली. शिपाई ईश्वर आला. सरांनी नुसतं बोटानं दार दाखवलं.

ईश्वरनं दार उघडून धरलं. तृप्तीकडे न पाहता म्हणाला, "चला, म्याडम."

ती समोरची खुर्ची ओढून बसली. "आधी लिहून द्या."

सर फोनवर कुणाकुणाचं अभिनंदन स्वीकारत राहिले.