गाडीखालचा पिवळा ठिपका

आमच्या गॅरेजात एक रीत आहे, बाबांनी घालून दिलेली. गाडीखालचा बोल्ट ज्याने शेवटचा आवळला त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुढे काही बिघडलं तर कान कोणाचा धरायचा ते कळतं. बाबांचा रंग पांढरा. गुडघे गेल्यापासून ते दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि पांढरी डबी केव्हाच वाळून गेली. माझा पिवळा, धाकट्याचा लाल.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. जिभेवर साखर, हातात घाई. गिऱ्हाईक आलं की हा चहा मागवतो, गिऱ्हाईक गेलं की उरलेला चहा पितो. मधलं काम कोण करतं ते सांगायला नको. तरी नव्या पाटीवर ‘आणि मुलगा’ लिहायचं की ‘आणि मुलगी’, हे बाबांचं काही केल्या ठरत नव्हतं. पाटी रंगवणारा येऊन हात हलवत परत गेला. शेवटी बाबा म्हणाले, “डॉक्टरांची गाडी येऊ दे. ती ज्याच्या हातून नीट होईल, त्याचं गॅरेज.” मला वाटलं, चला, एकदाचा न्याय होणार. मीही मूर्खच.

डॉक्टर दातांचे, पण जीव सगळा गाडीत. दोन दारांची, बुटकी, सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर पळवायची गाडी. जोरात वळवली की ती एका अंगावर कलते आणि नाक वळणाबाहेर काढते, ही त्यांची तक्रार. म्हणून मागच्या दोन चाकांना जोडणारा कंपनीचा बारीक बार काढून बाहेरून मागवलेला जाड अँटी-रोल बार बसवायचा होता. एक चाक वर गेलं की हा पोलादी दांडा पीळ खातो आणि दुसऱ्यालाही बरोबर वर ओढतो, म्हणून गाडी सपाट राहते. भावंडांसाठीही असं काहीतरी निघायला हवं होतं.

काम आधी धाकट्याने पळवलं. “तू बस गं ताई, हे माझ्यावर सोड.” जेवणाआधीच बार चढला, बोल्ट आवळले, लाल ठिपके पडले. मी टॉर्च घेऊन लिफ्टखाली गेले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बारच्या प्रत्येक टोकाला दोन भोकं असतात, बाहेरच्यात धरला तर बार मऊ राहतो, आतल्यात कडक. पठ्ठ्याने डावीकडे बाहेरचं धरलं होतं नि उजवीकडे आतलं. वर सगळे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना आवळलेले. तसं केलं की बार चाकाशी जोडणाऱ्या लिंकमधलं रबर तिथेच अडकून बसतं, आणि गाडी जमिनीवर उतरली की पीळ खाऊन लवकर फाटतं. हे बाबांनी आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

“अरे, दोन्हीकडची भोकं वेगळी आहेत,” मी म्हटलं.

तो हात पुसत होता. “तू बघ ना जरा. मी जेवून येतो.”

मी बघितलं. सगळं सोडवलं. बार धरून ठेवणाऱ्या रबरी बुशींना ग्रीस भरलं, नाहीतर नवा बार दर खड्ड्याला कुरकुरतो. दोन्ही टोकं बाहेरच्या भोकात घेतली, कारण मागचं एकदम कडक केलं तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी घसरायला बघते. मग गाडी रॅम्पवर, तिच्या स्वतःच्या वजनावर उभी केली, पाठीवर झोपून आत सरकले आणि एकेक बोल्ट मापाच्या पान्याने आवळला. लाल ठिपके थिनरने पुसले, पिवळे दिले. खांदा भरून आला होता, पण मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी धाकटा माझ्या आधी गॅरेजात हजर. तेव्हाच मला कळायला हवं होतं. डॉक्टर गाडी पळवून आले ते पोरासारखे हसत. “अहो, कललीच नाही! कोणी बसवला बार?”

“मीच,” धाकटा म्हणाला.

बाबा काठी टेकत उठले. “गाडी वर घ्या.”

लिफ्ट चढली. बाबांनी टॉर्च मारला. सगळे ठिपके लाल, ओलसर, चकचकीत. आयत्या बिळावर नागोबा तो हाच.

“बाबा,” मी म्हटलं, “नखाने खरवडा.”

त्यांनी खरवडलं. खालून पिवळा निघाला. धाकटा जमिनीकडे बघत होता. मग बाबांनी नख चिंधीला पुसलं.

“पाटीवर मुलगाच शोभतो गं,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि तू आहेसच की त्याच्या मागे. त्याचं चुकलं तर बघायला.”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. गॅरेज त्याला देताना ते माझ्या भरवशावर देत होते. माझं काम वाईट असतं तर त्यांनी त्याला देण्याची हिंमतच केली नसती. मला तिथेच ओरडावंसं वाटलं, पण डॉक्टर उभे होते.

पाटी रंगवणारा आला. ‘आणि मुलगा’ झोकात काढलं. मग शिडीवरून वाकून म्हणाला, “ताई, कडेला पिवळा कमी पडतोय. असेल का जरासा?”

माझी डबी दिली. परत आणू नका म्हटलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या मित्राची गाडी आली, तसाच बार घेऊन. लिफ्ट वर गेली, चाकं लोंबकळली आणि धाकट्याने पाना लावला.

“आधी चाकं टेकव,” मी म्हटलं.

“तू बघशील ना नंतर,” तो मान न वळवता म्हणाला.

गाडीच्या मालकाला मी गाठलं आणि हा बार दुसरीकडून तपासून घेतल्याशिवाय गाडी पळवू नका, असं तोंडावर सांगितलं. मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पिशवी उचलली.

“निघालीस कुठे?” बाबा खुर्चीतून म्हणाले. “त्याचं कोण बघणार?”

“पाटीवर लिहिलंय ना,” मी म्हटलं, “तो बघेल.”