लक्षणं नसलेला लॅपटॉप

ओजू एकदाची झोपली, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून. चौदा महिन्यांचा जीव, पण पकड अशी की मी उजव्या हाताचा नाद सोडला आणि डाव्या हातानं टाइप करायला लागले. साडेबारा वाजले होते. चार वाजता सेक्टर ६७ मधल्या आमच्या संस्थेत समिती बसणार होती, बाळंतपणात थांबलेली माझी पीएचडी पुन्हा सुरू करू द्यायची की नाही ते ठरवायला. आज हुकलं तर पुढची बैठक सहा महिन्यांनी.

तेवढ्यात हरलीन मॅडमचा, म्हणजे माझ्या गाइडचा, फोन. "पेन ड्राइव्ह स्कॅन करके लाना, बेटा. दरवाजे पे चेक होगा. व्हायरस निकला तो प्रेझेंटेशन कॅन्सल. फिर मैं भी कुछ नहीं कर पाऊंगी."

गेल्या महिन्यात कुणाच्या तरी पेन ड्राइव्हनं तिथला कॉम्प्युटर आडवा केला होता, तेव्हापासून हा नियम.

"अंशुमन," मी कुजबुजले, "आपल्याकडे अँटिव्हायरस आहे?"

नवरा स्वयंपाकघरातून आला, हातात कुकरची शिट्टी. आयटी पार्कात नोकरी, शनिवारची सुट्टी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स त्यानंच घातलेलं, आणि त्याचा अभिमान लेकीच्या अभिमानापेक्षा किंचितच कमी.

"लिनक्सला अँटिव्हायरस? अगं, दोन वर्षांत एकदा तरी आजारी पडलंय का ते?"

"नाही."

"मग! विंडोजचे व्हायरस त्याच्यावर चालतच नाहीत. एकदम ठणठणीत आहे."

ठणठणीत. मी समोर उघडलेल्या माझ्याच पहिल्या स्लाइडकडे पाहिलं. 'लक्षणं नसलेले वाहक : रुग्णालयातले जंतू निरोगी माणसांमार्फत कसे पसरतात.'

मला हसू फुटलं. ओजूला जाग येऊ नये म्हणून ओठ दाबले तर ते नाकातून बाहेर पडलं.

"काय झालं?"

"अरे, तीन वर्षं मी लोकांना हेच सांगतेय. स्वतःला काही होत नाही म्हणजे आपण कुणाला देत नाही, असं नसतं! लॅपटॉप ठणठणीत आहे, पण पेन ड्राइव्ह जाणार मॅडमच्या विंडोजमध्ये."

अंशुमनचा चेहरा हळूहळू उतरला. "पेन ड्राइव्ह कुठला घेतलास?"

"बारशाच्या फोटोंचा."

"बाबांनी साताऱ्याहून पाठवलेला? फोटो स्टुडिओतून आलेला?"

"जिथं अख्ख्या साताऱ्याचे पेन ड्राइव्ह येऊन जातात, तोच."

शिट्टी टेबलावर ठेवून तो शेजारी बसला. लिनक्ससाठीही अँटिव्हायरस मिळतो, फुकट, हे त्याला पक्कं माहीत होतं. फक्त आजवर सांगायची गरज पडली नव्हती. उतरवून घ्यायला अर्धा तास गेला. ओजू उठली, थोडा वरणभात खाऊन उरलेला तिनं मला आणि खुर्चीला भरवला. मग ती माझ्या मांडीवर, आम्ही तिघं पडद्याकडे बघत, आणि शेवटी ओळ उमटली : बाधित फाइली, तीन.

"तीन!" मी ओरडले. ओजूनं टाळ्या वाजवल्या.

"तांत्रिकदृष्ट्या," अंशुमन म्हणाला, "माझं चुकलं नव्हतं. लिनक्सला काहीच झालं नाही."

"तांत्रिकदृष्ट्या तू माझा नमुना क्रमांक एक आहेस. गाडीची चावी घे."

फोटो स्वच्छ निघाले, ते लॅपटॉपवर उतरवले. पेन ड्राइव्ह पुसला, प्रेझेंटेशन परत घातलं, पुन्हा तपासलं. मग वाटेत झिरकपूरच्या जॅममध्ये मी मागच्या सीटवर एका हातानं लेकीला बिस्किट देत आणि तोंडानं स्लाइड क्रमांक सात म्हणत.

दारावरच्या माणसानं पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर हिरवी टिक.

"घर पे कौनसा अँटिव्हायरस है?" आत समितीसमोर मॅडमनी विचारलं.

"लिनक्स है, मॅडम. उसको जरूरत नहीं थी," मी म्हणाले, "आपके कॉम्प्युटर को थी."

समितीतले एक सर इतके मोठ्यानं हसले की चहा सांडला. "ये तो पहली स्लाइड हो गई," ते म्हणाले. मग खरी पहिली स्लाइड लागली आणि पुढची चाळीस मिनिटं मी बोलतच सुटले. चौदा महिन्यांत एवढा वेळ माझं कुणी मध्ये न रडता ऐकलं नव्हतं.

"तो जॉइन कब कर रही हो?" मॅडमनी सही करता करता विचारलं.

"कल से!"

"कल इतवार है, बेटा."

"पता है, मॅडम," मी म्हणाले. अजिबात पता नव्हतं.